अॅम्ब्युलन्समध्ये कोण होतं?

फोनची मेमरी भरली की मी जुने व्हिडिओ पुसायला बसते. हे काम मला मुळीच आवडत नाही, कारण पुसलं काहीच जात नाही. प्रत्येक व्हिडिओ उघडून बघितला जातो आणि तासाभरानं हिशेब करावा तर दोनचार सुप्रभात आणि चुकून निघालेला पंख्याचा एक फोटो, एवढंच कमी झालेलं असतं. मागच्या महिन्यात असंच चाललं होतं. नऊ वर्षांची भाची शेजारी पालथी पडून चित्र काढत होती, अर्धं लक्ष कागदावर, अर्धं माझ्या स्क्रीनवर. २०१९ च्या जूनमधला एक व्हिडिओ लागला. तुम्हीही तो कधीतरी पाहिला असेल. हाँगकाँगमधला रस्ता, रात्रीची वेळ, उंचावरून घेतलेलं दृश्य. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या कपड्यातली माणसंच माणसं, आणि त्या गर्दीच्या पोटातून दिवे लुकलुकवत एक अॅम्ब्युलन्स येते. गर्दी बाजूला होत जाते. काळ्याभोर केसांत कंगव्यानं भांग पाडत न्यावा तशी अॅम्ब्युलन्सच्या पुढे वाट पडत जाते, आणि गाडीला क्षणभरसुद्धा थांबावं लागत नाही.

भाचीनं पेन्सिल खाली ठेवली. "मावशी, त्या गाडीत कोण आहे?"

"असेल कोणीतरी आजारी माणूस."

"मग तो बरा झाला का?"

हा व्हिडिओ मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, निदान वीसजणांना पाठवला होता. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. "झाला ना," असं सांगून मी वेळ मारून नेली आणि पुढचा व्हिडिओ लावला. पण ती थाप बुटातल्या खड्यासारखी आठवडाभर टोचत राहिली. त्याहून जास्त टोचलं ते दुसरंच. तो व्हिडिओ पाठवताना मी खाली काय लिहिलं होतं, ते जुन्या चॅटमध्ये जसंच्या तसं होतं: "शिस्त म्हणजे काय ते बघा!" आणि पुढे टाळ्यांचे तीन हात. एवढी माणसं रस्त्यावर का उतरली, यावर अक्षर नाही. कौतुक होतं ते त्यांनी बाजूला कसं व्हावं याचं.

मग मी त्या दिवसाचं वाचायला बसले, जे मी तेव्हाच वाचायला हवं होतं. १६ जून, रविवार. आरोपींना चीनच्या हवाली करण्याची वाट मोकळी करणारं ते विधेयक सरकारनं आदल्याच दिवशी स्थगित केलं होतं. म्हणजे कोणालाही वाटावं की आता लोक घरी बसतील. पण त्याच शनिवारी पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस एका मॉलच्या परांचीवर चढून, विधेयक मागेच घ्या असा फलक लावून तासन्‌तास उभा होता, आणि रात्री तिथून पडून मरण पावला. दुसऱ्या दिवशी निघालेल्या लोकांनी काळे कपडे घातले होते ते त्याच्यासाठीही. कित्येकांच्या हातात पांढरी फुलं होती. आयोजक म्हणाले जवळजवळ २० लाख, पोलीस म्हणाले ३ लाख ३८ हजार. मोर्च्यांचे आकडे जगभर असेच, दोन तोंडांचे असतात. पण आकडा कुठलाही घ्या, मी ज्याला शिस्त म्हणून टाळ्या वाजवल्या त्यात निम्मा तरी दुखवटा होता.

हे कळल्यावर मला माझ्या फोनमधल्या त्या सबंध वर्षाचीच शंका यायला लागली.

२०१९ म्हटलं की मला आधी आठवतात त्या रकमा. किती किरकोळ! सुदानमध्ये पावाची किंमत १ पौंडाची ३ पौंड झाली, आणि आदल्या डिसेंबरात अटबरा या रेल्वेच्या गावात ठिणगी पडली. चिलीच्या सान्तियागोत मेट्रोचं गर्दीच्या वेळेचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं, आणि शाळकरी पोरं स्टेशनातल्या फिरत्या दांड्यांवरून उड्या मारून फुकट आत घुसायला लागली. लेबनॉनमध्ये सरकारनं व्हॉट्सअॅपच्या कॉलवर दिवसाला २० सेंटचा कर काढला. "व्हॉट्सअॅपसाठी क्रांती?" असा विनोद मीही तेव्हा केला होता, तोही व्हॉट्सअॅपवरच. सरकारनं तो कर काही तासांतच मागे घेतला. पण लोक परत गेले नाहीत. सान्तियागोच्या भिंतींवर तर लोकांनी स्वच्छ लिहूनच टाकलं होतं की प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे. अल्जीरियात रक्कमसुद्धा नव्हती. तिथं होती एक फ्रेम. पक्षाघातानंतर राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिका लोकांपुढे जवळजवळ येईनासेच झाले, तेव्हा समारंभांत त्यांची तसबीर मांडायचे आणि मान्यवर त्या तसबिरीचा सन्मान करायचे. ही तसबीर पाचव्यांदा निवडणुकीला उभी राहणार म्हटल्यावर २२ फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी लोक रस्त्यावर यायला लागले. सहा आठवड्यांत, २ एप्रिलला, वीस वर्षं सत्तेत असलेल्या त्या गृहस्थांनी राजीनामा दिला.

चिलीचा किस्सा मला अजून सांगावासा वाटतो. भाडेवाढीवर तिथल्या अर्थमंत्र्यांनी लोकांना सुचवलं होतं की पहाटे लवकर उठा, सकाळी सातच्या आत तिकीट स्वस्त असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष पिन्येरा म्हणाले होते की अस्वस्थ लॅटिन अमेरिकेत आपला देश म्हणजे मरूद्यान आहे. पुरते दोन आठवडे व्हायच्या आत तेच गृहस्थ टीव्हीवर येऊन म्हणाले की आपण एका बलाढ्य शत्रूशी युद्ध लढत आहोत. शत्रूच्या हातात बहुतेक करून पातेली आणि लाकडी चमचे होते. खिडक्यांतून, गच्च्यांवरून, संचारबंदी लागल्यावरही शहरभर भांडी बडवली जात होती. दुसऱ्या दिवशी राजधानीच्या बंदोबस्ताची सूत्रं ज्यांच्याकडे होती त्या जनरलना पत्रकारांनी या युद्धाबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, मी सुखी माणूस आहे, माझं कोणाशीही युद्ध नाही. सुखी माणसाचा सदरा त्या दिवशी लष्करी निघाला.

२५ ऑक्टोबरला सान्तियागोत जमलेल्या दहा लाखांवर माणसांचाही व्हिडिओ माझ्याकडे आहे. संध्याकाळचं ऊन, मधोमध पुतळा, त्याच्या भोवती माणसांचा समुद्र. तोही मी पुसला नव्हता. या वेळी मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि मी मागेपुढे करून बाकीचेही तपासले. हाँगकाँग, सान्तियागो, अल्जीअर्सचे शुक्रवार.

माझ्याकडचे सगळे व्हिडिओ वरून घेतलेले आहेत.

वरून बघितलं की गर्दी देखणी दिसते. तिला चेहरे नसतात, घाम नसतो, अश्रुधुरानं सुजलेल्या पापण्या नसतात. चिलीत पोलिसांच्या छऱ्यांनी आणि नळकांड्यांनी काही महिन्यांत शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. एका डोळ्यावर तळहात ठेवून उभं राहणं ही तिथं निषेधाची खूणच होऊन गेली. वरून घेतलेल्या दृश्यात हे कुठलं दिसायला? फाबिओला काम्पियाई नावाच्या बाईंबद्दल मी आत्ता वाचलं. नोव्हेंबरातली संध्याकाळ, त्या रात्रपाळीला निघालेल्या, बसची वाट बघत होत्या, मोर्च्यात नव्हत्याच. अश्रुधुराचं नळकांडं सरळ तोंडावर आलं. दोन्ही डोळे गेले, आणि त्यांच्याबरोबर वास आणि चवही गेली. मी वाचता वाचता डोळे मिटून बघितले, माणूस बघतोच असं करून. अंधार कळला. वास आणि चव नसलेलं जग काही केल्या कळेना. दोन वर्षांनी त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि सिनेटवर निवडून गेल्या. हे वाचून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा लगेच रागही आला. जणू या बातमीनं ती संध्याकाळ फिटली.

वरून न घेतलेला एकच व्हिडिओ माझ्याकडे आहे, लेबनॉनच्या राजधानीचा, बैरुतचा. तो एका मोटारीच्या आतून घेतलेला आहे. रस्त्यावर निदर्शकांनी गाडीला गराडा घातलाय, आई काच खाली करून सांगते की बाळ आहे, जरा आवाज कमी करा. आणि ते सगळे दणकट बाप्ये एकदम लहान मुलांचं एक गाणं म्हणायला लागतात, हातांनी माशाचे जबडे उघडमिट करत. मागच्या सीटवरचं पंधरा महिन्यांचं बाळ डोळे विस्फारून बघत राहतं: रडावं की हसावं ते त्याचं ठरत नाही. हा व्हिडिओ तेव्हा जगभर फिरला, कारण त्यात कोणालाच काही पटवून द्यावं लागत नव्हतं. राजकारण नको असलेल्या लोकांचा हा आवडता मोर्चा! मीही त्यांतलीच. त्यानंतर त्या देशात १ डॉलरला १,५०० पौंड हा वर्षानुवर्षांचा भाव कोसळत कोसळत ९० हजारांच्या घरात गेला, लोकांची बचत बँकांत अडकली, आणि पुढच्या ऑगस्टात बंदरात साठवलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटनं निम्मं शहर हादरवून दोनशेवर माणसं नेली. ते बाळ आता शाळेत जात असेल. कुठल्या देशातल्या, कोण जाणे.

सुदानच्या त्या तरुणीचा फोटो तर काही दिवस माझ्या फोनचा वॉलपेपर होता. पांढरा तोब, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती घेतात ते लांब वस्त्र, गुंडाळलेली आला सलाह मोटारीच्या टपावर उभी, एक बोट आभाळाकडे, कानात सोनेरी चकतीसारखं डूल, आणि भोवती शेकडो हात तिचा फोटो घेणारे. ८ एप्रिलचा तो फोटो. तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बशीर यांची तीस वर्षांची सत्ता गेली. खार्टूममध्ये लष्कराच्या मुख्यालयाबाहेर लोक ठिय्या देऊन बसले होते, आणि त्या ठिय्याबद्दल वाचलेली एक गोष्ट मला फोटोपेक्षा जास्त आवडते: आत येणाऱ्या प्रत्येकाची स्वयंसेवक झडती घ्यायचे आणि घेताना गाण्यासारखं यमक जुळवून म्हणायचे की हात वर करा, झडती अदबीनं होईल. आयुष्यभर ज्यांची झडती बिनअदबीची झाली, त्यांनीच हे यमक जुळवलं असणार. तसं बसतं-उठतं छोटं गावच वसलं होतं तिथं, आठ आठवडे. ३ जूनच्या पहाटे, ईद तोंडावर आलेली असताना, सशस्त्र दलांनी ते मोडून काढलं. शंभरावर माणसं मारली गेली, काही मृतदेह नाईलमध्ये सापडले.

३ जूनचा एकही फोटो माझ्या फोनमध्ये नाही. असणार कुठून? इंटरनेट बंद केलं होतं. माझ्या वॉलपेपरवर एप्रिल तसाच झळकत राहिला. बंद इंटरनेटमध्येच ३० जूनला लोकांनी पुन्हा प्रचंड मोर्चे काढले, तोंडोतोंडी निरोप देऊन, पत्रकं वाटून. यातलं काहीही माझ्यापर्यंत आलं नाही, आणि आलं नाही हेही मला कळलं नाही. नोव्हेंबरात इराणमध्ये पेट्रोलच्या दरावरून लोक उठले, तेव्हाही तेच: जवळजवळ आठवडाभर देशच्या देश अंधारात. त्या वर्षाचं कौतुक करताना आपण म्हणतो की फोनमुळे जग जवळ आलं. खटका कोणाच्या हातात आहे, ते तिथल्या लोकांना बरोबर माहीत होतं.

भाचीच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर मला इराकमध्ये, बगदादला सापडलं. तिथं ऑक्टोबरात तहरीर चौकात तरुण जमले, सैन्यानं आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि अश्रुधुराची जी नळकांडी वापरली ती नेहमीपेक्षा कितीतरी जड, लष्करी बनावटीची. डोक्यावर बसली तर माणूस जागच्या जागी जायचा. अॅम्ब्युलन्स पोचत नव्हत्या. तेव्हा गरीब वस्त्यांतली टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, चालवणारी पोरं पुढे झाली. एरवी ज्यांच्या बेशिस्त चालवण्याला शहर नाकं मुरडायचं, तीच आता त्याच बेशिस्तीनं गल्ल्याबोळांतून वाट काढत जखमींना इस्पितळात पोचवत होती, पैसे न घेता. चौकात आंदोलकांनी वर्तमानपत्र काढलं, त्याचं नावच 'टुकटुक' ठेवलं. हे मी भाचीला सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्यांच्यासाठी गर्दी बाजूला व्हायची का?" व्हायची. पण वरून टिपावं असं त्यात काही नव्हतं, धूर होता फक्त. त्या आंदोलनात सहाशेच्या आसपास माणसं गेली. नोव्हेंबरअखेर पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला.

मी स्वतः आयुष्यात एकदाच मोर्च्यात चालले आहे. कॉलेजात असताना, फीवाढीच्या विरोधात. मैत्रिणीनं ओढून नेलं होतं आणि मला खरं तर लाजच वाटत होती. घोषणेचा पहिला भाग कोणीतरी द्यायचं, दुसरा आम्ही, आणि माझं तोंड नुसतंच हलायचं. मग कधीतरी आवाज फुटला. आपलाच तो मोठा, चिरका आवाज ऐकून मी दचकले होते. गेटपाशी पोहोचल्यावर सगळ्यांनी हात धरून कडं केलं. माझ्या डाव्या हातात मैत्रिणीचा हात, उजव्या हातात एका अनोळखी मुलीचा. तिचा हात घामानं ओला होता, बोटाला शाईचा डाग, आणि पोलीस जरा पुढे सरकले की ती घट्ट दाबायची. अंधार पडायच्या आत घरी यायचं कबूल केलं होतं म्हणून मी मधूनच निघाले. माझ्या जागी कडं जोडलं गेलं असणार, मैत्रिणीनं तिचा हात धरला असणार. फी कमी झाली की नाही, हे मला आज खरंच आठवत नाही. हात आठवतो.

म्हणून असेल, त्या वर्षातल्या मानवी साखळ्यांपाशी मी रेंगाळते. २३ ऑगस्टला हाँगकाँगच्या लोकांनी शहरभर साखळी केली, काहीजण लायन रॉकच्या डोंगरावर चढून फोनचे दिवे लावून उभे राहिले. तारीख मुद्दाम निवडलेली होती: तीस वर्षांपूर्वी याच दिवशी एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियात माणसांनी सहाशे किलोमीटरच्या वर हात जोडले होते. ऑक्टोबरात लेबनॉनमध्ये उत्तरेतल्या त्रिपोलीपासून दक्षिणेतल्या टायरपर्यंत अशीच साखळी, सुमारे १७० किलोमीटर. यादवी युद्धात एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या गावांमधून ती गेली. कुठं ती तुटली असेल, कोणी ओढणी धरून मधलं अंतर भरलं असेल, कोणाला जोराची लागली असेल. मला हे असलं बघायचं असतं आता.

आणि मग तो प्रश्न, जो मोठी माणसं विचारतात. शेवटी मिळालं काय? मला तो आवडत नाही आणि मीही तोच विचारते. चिलीनं नवी राज्यघटना लिहायला घेतली. पहिला मसुदा २०२२ मध्ये लोकांनीच फेटाळला, दुसरा २०२३ मध्ये, आणि जुनीच चालू राहिली. सुदानमध्ये आधी लष्करानं सत्ता बळकावली, मग १५ एप्रिल २०२३ पासून दोन सेनापतींचं युद्ध सुरू झालं, आणि ज्या खार्टूममध्ये झडती अदबीनं व्हायची ते उद्ध्वस्त झालं. अल्जीरियाचे शुक्रवार २०२० च्या मार्चमध्ये विषाणूनं थांबवले. हाँगकाँगमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात जमावात मास्क घालायला बंदी झाली आणि २०२० च्या जुलैत मास्क सक्तीचा झाला. त्या दोहोंच्या मध्ये, ३० जूनला, राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा आला आणि त्यानंतर तसे मोर्चे निघाले नाहीत. सबंध यादी वाचून एखादा शहाणा मान हलवून म्हणेल, तरी मी सांगत होतो. मला त्या मान हलवण्याचा वैताग येतो. पण पुढे काय बोलायचं, ते सापडत नाही. खार्टूमचं नाव काढलं की माझी मान आपोआप खाली जाते.

परवा भाची पुन्हा आली होती. मेमरी पुन्हा भरलेली. तिनंच तो व्हिडिओ शोधून लावला. अॅम्ब्युलन्स पुढे गेली की मी नेहमी तिथंच थांबायचे, तिनं तसाच चालू ठेवला. गाडीच्या मागे दोन्ही बाजूंची माणसं पुन्हा रस्त्यावर येत होती, भांग मोडत होता. थोड्या वेळात वाट कुठून गेली होती ते सांगता येईना.

"मग आता गाडी परत कशी येणार?" तिनं विचारलं.

"परत बाजूला होतील की."

तिला ते पटलं आणि ती चित्राकडे वळली. त्या रस्त्यावर आता बाजूला व्हायला कोणी उभंच नसतं, हे काही मी तिला सांगितलं नाही.